बहिरूची जीभ

अलाउद्दीन खानसाम्यानं पाच बाटल्या एकामागं एक ओट्यावर मांडल्या, शेवटचीचं बूड फडक्यानं पुसलं आणि बहिरूकडं न बघताच म्हणाला,

"चाख."

बहिरू धरणाच्या साहेबांच्या बंगल्याच्या स्वयंपाकखोलीच्या उंबऱ्यावर बसला होता. भर वैशाखाची दुपार. धरणाचं पाणी पार खाली गेलेलं, काठाला नुसता चिखल भेगाळून पडलेला. अशा उन्हात माणूस घरातनं निघत नाही. पण खानसाम्याचा निरोप आला म्हणून तो उतरणीची वाट चालत आला होता. निरोप कशासाठी ते आता कळलं.

"म्या सोडलंय, खानसामा. सहा वर्सं झाली. समद्या मुलखाला ठाव हाय."

"आरं, प्यायला कोण सांगतंय तुला? तोंडात घोळवायची न् थुकून टाकायची. थुकल्यानं शपथ मोडत असती तर गावचे निम्मे देव कधीच रुसून बसले असते."

बाहेर ओसरीच्या सावलीत बंगल्याचा राखणदार कुशाबा बसला होता. तो तिथनंच हसला.

"चाख की, बहिरू. बारा मावळात तुज्यावानी जीभ न्हाई कुनाची. हितल्या जुन्या साहेबाला कोन सांगत हुतं, ही बाटली गेली न् ही ऱ्हायली म्हून?"

ते खरं होतं. दारूबंदीच्या आधी बहिरूची भट्टी होती ओढ्याच्या वरच्या अंगाला. मोहाची काढायचा, जांभळाची काढायचा, कधी करवंदाचीसुद्धा. पण त्याचं नाव झालं ते काढण्यासाठी नव्हे, चाखण्यासाठी. कुणाकडचाही माल असो, आधी बहिरूच्या तोंडात थेंब जायचा. बहिरू 'चांगली हाय' म्हणाला की मंडळी पेला पुढं करायची, आणि बहिरू थुकला की डबा खड्ड्यात रिकामा व्हायचा. इतका भरवसा लोक स्वतःच्या बायकोच्या हातच्या भाकरीवर ठेवत नसतील.

आणि आता त्या जिभेला काही लागत नव्हतं. गूळ आणि माती एक. मीठ नाही, आंबट नाही, वाससुद्धा नाही. लोकांना वाटायचं बहिरूनं पोरगा गेल्यावर दारूवर पाणी सोडलं. ते लोकांनीच ठरवलं आणि त्यानं ठरवू दिलं. खरं ते त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं.

"ह्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या कुटं गेल्या?" त्यानं वेळ काढायला विचारलं.

"कसरीनं खाल्ल्या. असत्या तरी वाचणार कोण? बाटल्या दोन उन्हाळे पत्र्याखाली पडल्यात." अलाउद्दीन स्टुलावर टेकला आणि गळ्याचा घाम पुसला. माणूस पौडचा, हात सोन्याचा, पण आज त्याचं तोंड उतरलेलं होतं. "ऐक. संध्याकाळी मोठा साहेब येतोय. संगं मशीन बसवायला आलेले दोन गोरे. त्यांना हौस आलीय, बाहेर गवतावर निखारे फुलवायचे, जाळीवर मटन भाजायचं, कोंबडी भाजायची, आन् संगं लाल वाइन. एवढ्या उन्हाळ्यात इस्तवापुढं उभं राहायची हौस. आपण एक चपाती भाजायला वैतागतो."

"मग दे की कुटली बी."

"कुठली बी दिली म्हणून तर माझ्या आधीचा खानसामा गेला. आंबलेली निघाली. पावण्यानं तोंडातली गवतावर थुकली, आन् दुसऱ्या दिवशी खानसाम्याची ट्रंक फाटकाबाहेर. मला तोंडात घालता येत न्हाई, आमच्यात हराम. वास घेतला. मला समदं सिरक्यागतच वाटतं. माझं नाक मसाल्यात गेलं, बाबा."

बहिरूनं उंबऱ्यावरनं उठून एक बाटली उजेडाला धरली.

"आन् दुसरं," अलाउद्दीन आवाज खाली आणत म्हणाला, "तुझी सून. रोजावर किती दिवस राबायचं तिनं? कायम बाई घ्यायची हाय बंगल्यावर. मागची खोली मिळंल, पत्रा चांगला हाय. आजची रात गोड गेली तर मी साहेबापुढं शब्द टाकतो. कडू गेली तर मीच नसंन हितं, शब्द कोण टाकणार?"

हे मात्र बहिरूला लागलं. सगुणा त्याच्या जयसिंगची बायको. जयसिंग गेला तेव्हा चोवीस वर्षांची. माहेरी माणला परत जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती गेली नाही. म्हाताऱ्याला भाकरी घालत राहिली, बंगल्यावर भांडी घासत राहिली. गेल्या पावसाळ्यात घराची एक भिंत बसली, ती तिनं एकटीनं लिंपली. बहिरू मेल्यावर ती त्या घरात एकटी काय करणार, ह्याचं उत्तर त्याला रोज पहाटे शोधावं लागायचं आणि रोज सापडायचं नाही.

"बरं," तो म्हणाला. "पन तुमी भायेर व्हा. चाखनाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं नसतं. बघनाऱ्याची नजर चवीत उतरती."

हा धंद्यातला जुना नेम. अलाउद्दीननं मुकाट मान डोलावली, स्क्रूनं पाचही बुचं काढली – साहेब म्हणतो, लाल बाटलीला आधी वारा लागला पाहिजे – आणि कलेजीचे चार तुकडे नुसतं मीठ लावून निखाऱ्यावर भाजून बशीत ठेवले, चवीला मांसाची जोड असावी म्हणून. मग कोळशाचं पोतं बघायला तो मागच्या शेडात गेला.

बहिरूनं पहिल्या बाटलीतला घोट पेल्यात घेतला. रंग बघितला, हलवला, तोंडात धरला. ओलं. एवढंच कळलं. ओलं आणि कोमट. त्यानं कलेजी चावली. मऊ. बस.

असंच त्या दिवशीही झालं होतं. कुशाबाच्या धाकट्या भावाच्या, भैरूच्या पोरीचं लग्न. पोलिसांनी बहिरूची भट्टी कधीच फोडलेली, म्हणून माल घाटाखालनं आला होता, दोन डब्यांत. बहिरूनं गोठ्याच्या मागं जाऊन, एकट्यानं, तोंडात धरला. काही लागलं नाही. नाही लागलं हे येऊन सांगायला चार पावलांचं अंतर होतं. मांडवात चार गावचे लोक पेले घेऊन त्याच्या तोंडाकडं बघत होते. तो म्हणाला, 'चांगली हाय.' दोन दिवसांत तिघं गेले. भैरू गेला, नवरदेवाचा मामा गेला, आणि जयसिंग गेला. आधी डोळ्यापुढं पांढरं आलं, मग श्वास अडला. पोलीस म्हणाले, लाकडाला लावायच्या पॉलिशातलं स्पिरिट घातलेलं होतं. आणि गावानं आपसात ठरवून टाकलं की बहिरूला विकणाऱ्यानं चांगल्या डब्यातला घोट दिला, इख दुसऱ्या डब्यात होतं. बहिरूची जीभ चुकणार कशी? खुद्द भैरूच्या भावानं, ह्या कुशाबानं, तेराव्याला बहिरूच्या खांद्यावर हात ठेवून तसं सांगितलं होतं.

दार वाजलं. सगुणा लोखंडी जाळी घेऊन आत आली, राखेनं घासायला. सासऱ्याला बघून तिनं पदर पुढं ओढला आणि मोरीपाशी बसली. जाळीवर राखेचा खर्र खर्र आवाज सुरू झाला.

बहिरू दुसरी बाटली हातात घेऊन तसाच उभा होता.

"सगुणा."

"जी."

"जरा हिकडं ये."

ती आली. त्यानं पेला तिच्यापुढं धरला. तिनं पेल्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"म्या?"

"गिळायचं न्हाई. तोंडात फिरवायचं न् थुकायचं. मग मला सांगायचं, काय वाटतंय ते." तो घाईनं म्हणाला, "आज माजं तोंड बेचव हाय. ऊन लागलं यिताना."

दुसरी बाई असती तर जीभ चावून मागं सरली असती. विधवा बाई, परक्याचा बंगला, आणि सासरा हातात दारूचा पेला देतोय. सगुणानं हात धुतले, पेला घेतला आणि पहिल्या बाटलीपासून सुरुवात केली.

"आंबट. कानामागं कळ आली."

"गेली ती. बाजूला ठिव. पानी घे, खळखळून थुक. आता ही दुसरी."

"हिला काईच न्हाई. पान्यात शाई पडल्यावानी."

"उन्हानं मेली. पुढची."

तिसरा घोट तिनं जरा जास्त वेळ धरला. भुवया जवळ आल्या.

"तुरट हाय. दातावर थर चढतोय, जांभळं खाल्ल्यावानी."

"वंगाळ तुरट का बरं तुरट?"

"म्हंजी कसं?"

"वंगाळ असलं तर घसा आवळतो न् तसाच ऱ्हातो. बरं असलं तर जीभ आणीक मागती. आता कलेजी खा, न् मग परत घोट घे."

तिनं कलेजीचा तुकडा चावला, मग घोट. आणि तिच्या तोंडावर असं काही आलं की बहिरू टक लावून बघत राहिला. स्वतःचा नेमच तो विसरला.

"कलेजीचा तेलकटपना गेला," ती म्हणाली. "तोंड धुतल्यावानी झालं. न् जळकी कड हुती ना भाजल्याची, ती कडू लागत हुती, ती आता ग्वाड लागतिया."

"हीच," बहिरू म्हणाला. त्याच्या आवाजात जीव आला होता. "हीच मटनाला. चरबीला तुरटच पायजे. चरबी कापली पायजे. चौथी बघ."

चौथीला ओल्या घोंगड्याचा वास येत होता, बूच कुजलेलं. पाचवी मऊ निघाली, पातळशी, पिकल्या करवंदासारखी.

"ही कोंबडीला," बहिरू म्हणाला. "कोंबडी गरीब, तिच्यावर जांभूळ घातलं तर ती मरंल. दोन्ही बाटल्यांना वलं फडकं गुंडाळून सावलीत ठिवायचं. ह्या उन्हात लाल दारू तशीच दिली तर काढा प्यायल्यावानी लागती. पन बरफात न्हाई घालायची, बरफानं ती मुकी हुती."

कितीतरी दिवसांत तो एवढं बोलला नव्हता. सगुणानं पेला धुऊन पालथा घातला. मग त्याच्याकडं पाठ करूनच दबक्या आवाजात म्हणाली,

"ऊन न्हाई लागलेलं तुमाला, मामंजी."

बहिरूनं कलेजीची बशी उगाच सरकवली.

"तुमाला लागतच न्हाई काई. विषमज्वरातनं उठला तवापासनं. त्या लग्नाच्या आदल्या सरावनापासनं."

"कोन म्हनलं?"

"भाजीत राकेल सांडलं हुतं माज्या हातनं. ह्यांनी पैला घास घेतला न् ताट सारलं. तुमी समदं खाल्लं, वर वाडगा पुसून घेतला. आमी दोघं एकमेकाकडं बघत ऱ्हायलो. हे म्हनले, बोलू नगंस. बाची जीभ गेली म्हनून कळलं तर बा जाईल."

बाहेर कुशाबा कुणाला तरी हाळी देत होता. बहिरू तिच्याकडं वळला.

"सहा वर्सं," तो म्हणाला. "सहा वर्सं तुला ठाव हुतं. म्या माज्या हातानं—"

"त्या इखाला येगळी चवच नसती, मामंजी."

त्याला आधी कळलंच नाही.

"पुन्याच्या इस्पितळात डॉक्टर म्हनला. म्या इचारलं हुतं त्याला. तो म्हनला, कुनाच्याच जिभंला कळलं नसतं. चांगल्या दारूवानीच लागतं ते."

बहिरू ओट्याला टेकून खाली बसला. सहा वर्षांत रोज उशाला घेऊन झोपलेली गोष्ट कुणीतरी अलगद काढून घ्यावी तसं झालं. जीभ धड असती तरी त्यानं तेच म्हटलं असतं. 'चांगली हाय' म्हणाला असता. भैरू तसाही गेला असता. त्याच्या छातीतनं एक लांब श्वास निघाला आणि डोळे भरले.

"मग सांगायचं न्हाई व्हय, पोरी? आदी का न्हाई सांगितलंस?"

"तुमी कवा इचारलंच न्हाई."

ती परत मोरीपाशी जाऊन बसली होती. जाळी उचलून मांडीशी घेतली, पण घासली नाही.

"आन् हे पीत न्हवते," ती म्हणाली. "म्हाईत हाय ना तुमाला?"

माहीत होतं. जयसिंगनं उभ्या जन्मात दारूला तोंड लावलं नव्हतं. भट्टीवाल्याचा पोरगा आणि पीत नाही म्हणून लोक चेष्टा करायचे. त्या दिवशी मांडवात त्यानं पहिला पेला उचलला तेव्हा सगळे ओरडले होते, आज जयसिंगबी बाटला. बहिरूही हसला होता. लग्नाची गंमत, म्हणून.

"मग त्या दिशी…"

"तुमी गोठ्यामागनं आला न् चांगली हाय म्हनला. समद्यांनी पेलं उचललं. हे माज्याजवळ आले. म्हनले, बाला काई लागलेलं नसनार. आदी म्या घेतो. काई वंगाळ वाटलं तर बाचं नाव न घेता डबा लवंडून टाकतो." तिचा आवाज तसाच होता, भांड्यांचा हिशोब सांगावा तसा. "वाईच थांबले. मग भैरूकाकाला म्हनले, घ्या, ग्वाड हाय."

बहिरू जमिनीकडं बघत राहिला. फरशीवर सांडलेला एक लाल थेंब होता आणि त्यावर माशी बसली होती.

मागच्या दारानं अलाउद्दीन आला, हात कोळशानं काळे.

"झालं? कुठली?"

"तिसरी मटनासंगं," बहिरू म्हणाला. "पाचवी कोंबडीसंगं. वलं फडकं गुंडाळ दोन्हीला. बाकीच्या मोरीत वत."

"वा! मी म्हणलं न्हवतं? ही जीभ म्हणजे—"

"म्या न्हाई चाखल्या. हिनं चाखल्या."

अलाउद्दीननं आधी सगुणाकडं बघितलं, मग दाराकडं, कुणी ऐकलं का म्हणून. "बाईमाणसानं? आरं, साहेबाला कळलं तर—"

"साहेबाला कळू दे. ह्या बंगल्यावरच्या बाटल्यांची पारख हिला हाय म्हून सांग. कायम बाई म्हून हिलाच घ्या. तिची जीभ चांगली हाय."

"आन् तुझी?"

"मला चव लागत न्हाई."

हे त्यानं हळू म्हटलं नाही. नेहमीच्या आवाजात म्हटलं. बाहेर ओसरीवर बसलेल्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या. ओसरीवर हालचाल झाली. कुशाबा दारात येऊन उभा राहिला.

"कवापासनं?"

"तापापासनं."

"कंच्या तापापासनं?" कुशाबा म्हणाला. मग त्याचं त्यालाच उमगत गेलं. "म्या न् भैरूनं डोलीत घालून तुला पौडाला न्हेला, त्या तापापासनं?"

"व्हय."

"म्हंजी लग्नाच्या आदी."

"व्हय."

"न् तू गोठ्यामागं जाऊन आलास. न् माज्या भावाला चांगली हाय म्हनून सांगितलंस."

अलाउद्दीन हातातलं फडकं धरून उभा होता. त्यातनं पाणी गळत होतं. मोरीपाशी सगुणानं मान वर केली आणि सासऱ्याकडं बघितलं. ती वाट बघत होती. डॉक्टरचं ते वाक्य आत्ताच तिनं त्याला दिलेलं होतं, आणि ते खरं होतं. एवढं एक वाक्य बोललं असतं तर कुशाबा ओसरीवर बसला असता, कपाळाला हात लावून नशिबाला बोलला असता आणि दोघं म्हातारे उरलेले दिवस एकमेकाला राम राम घालत राहिले असते.

"व्हय," बहिरू म्हणाला. "सांगितलं."

तो आणखी काही बोलेल म्हणून कुशाबा थांबला. बहिरू बोलला नाही.

खाली वळणावर मोटारीचा हॉर्न वाजला. साहेब वेळेच्या आधीच आला होता. फाटकाची किल्ली कुशाबाच्या कमरेला होती, पण त्याला हॉर्न ऐकू आला की नाही कुणास ठाऊक. तो दारात तसाच उभा, बहिरूकडं बघत. हॉर्न दुसऱ्यांदा वाजला, जरा लांब.

सगुणा उठली. राखेचे हात पदराला पुसले, कुशाबाजवळ गेली आणि खाली मान घालून हात पुढं केला. त्यानं न बघताच किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.

ती फाटक उघडायला गेली.